पंचवीस फुटी पत्रे आणि काढलेले टेके

बांधकामाच्या जागेभोवती पत्र्याचे तात्पुरते कुंपण भाड्याने उभारून देणे हा माझा व्यवसाय आहे. भाडे रनिंग फुटावर आणि महिन्यावर ठरते, पण या धंद्यातील नफा-तोटा खरा ठरतो तो माल परत आल्यावर. वाकलेला किंवा नको तिथे भोके पाडलेला पत्रा दुसऱ्या साइटवर चालत नाही आणि तो कुणी वाकवला या वादात बिले महिनोन्महिने अडकून पडतात.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई महापालिकेने धुळीच्या नियंत्रणासाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांनुसार ७० मीटरपेक्षा उंच इमारतींच्या आणि एक एकरापेक्षा मोठ्या भूखंडांच्या भोवती किमान ३५ फूट, तर त्याहून लहान कामांभोवती किमान २५ फूट उंचीचे पत्रे लावणे बंधनकारक झाले. धूळ अडायलाच हवी, याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती जुन्याच खांबांना अँगल (लोखंडी पट्ट्या) जोडून वर पत्रे चढवायला सांगणाऱ्या कंत्राटदारांबद्दल. दहा फुटी कुंपण आडोशाचे काम करते, पण २५ फुटांवर तेच कुंपण गलबताच्या शिडासारखे वारा धरते. ताशी ८० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण ३० किलो पडतो, म्हणजे दोन खांबांमधल्या आठ फूट रुंदीच्या एका खणावर अर्ध्या टनाहून अधिक, आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो. हा सगळा भार अखेर खांबाच्या बुडाशी आणि आतल्या बाजूच्या तिरक्या टेक्यांवर येतो. साइटवर मात्र जो तो उंचीच विचारतो. टेका कशावर रोवला आहे, हे विचारणारा माणूस मला क्वचितच भेटतो.

पूर्व उपनगरातील एका अरुंद गल्लीत जुन्या सोसायटीच्या पुनर्विकासाचे काम होते. तेथील कंत्राटदाराला कमी उंचीच्या पत्र्यांबद्दल नोटीस आली, तेव्हा त्याने मला घाईने बोलावले. जुन्या खांबांवर वाढवण्यास मी नकार दिला; नवे चॅनेल म्हणजे लोखंडी खांब, काँक्रीटचे पाये आणि प्रत्येक खांबाला आतून टेका, असे काम करून दिले. टेक्यांनी आतली बरीच जागा खाल्ली, यावरून साइट इंजिनिअर पहिल्या दिवसापासून नाराज होता.

मे महिन्यातील एका दुपारी आभाळ भरून आले आणि माझ्या फिटरचा फोन आला. गेटजवळचे सलग तीन टेके बोल्ट काढून बाजूला ठेवले होते, कारण डंपरला वळायला जागा पुरत नव्हती. मी पोहोचलो तेव्हा धूळ उडू लागली होती आणि वरच्या रांगेतले पत्रे त्यांना धरून ठेवणाऱ्या जे-हुकांवर खडखडत होते. मुकादम म्हणाला, ‘‘शेठ, वरचे पत्रे उतरवून घेऊ, भार कमी होईल.’’ त्याचा हिशेब बरोबर होता, पण वाऱ्यात मोकळा झालेला पत्रा माणसासकट जातो, म्हणून मी कुणालाही वर चढू दिले नाही. आम्ही गल्लीची दोन्ही टोके अडवली, वडापावची गाडी आणि रिक्षा हलवायला लावल्या. रिक्षावाल्यांनी ‘‘रस्ता तुमच्या बापाचा आहे का?’’ असे विचारले आणि त्यांचेही चूक नव्हते; रस्ता अडवण्याचा अधिकार मला कुणीच दिलेला नव्हता. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरच्या छेडानगरात १२० बाय १२० फुटांचे होर्डिंग वादळात पेट्रोल पंपावर कोसळले होते आणि १७ माणसे दगावली होती. मी फक्त घाटकोपरचे नाव घेतले, तेव्हा रिक्षा निघाल्या.

खांब रस्त्याकडे कलू लागले, तेव्हा पोकलेनच्या ऑपरेटरने कुणी न सांगता मशीन पुढे घेतले आणि आपल्या बकेटचे दात आतल्या आडव्या अँगलमध्ये अडकवून कुंपण आत ओढून धरले. माझ्या मते त्या साइटवर भार कुठून कुठे जातो हे ओळखणारा तो एकटाच माणूस होता, आणि डंपरच्या खेपा थांबल्या म्हणून साहेबांची बोलणीही त्यानेच खाल्ली.

वारा ओसरल्यावर दोन चॅनेल बुडाशी वाकलेले आढळले. आठवड्याभरात माझ्याच नावाने डेबिट नोट, म्हणजे बिलातून पैसे कापण्याची चिठ्ठी, आली: ‘साहित्य निकृष्ट.’ करारात माल माझा आणि जागा त्यांची, एवढेच स्पष्ट आहे. उभारणीनंतर टेक्याला हात लावण्याचा अधिकार कुणाचा, याबद्दल त्यात अक्षर नाही. आता नव्या करारात मी ते कलम घालतो. एका कंत्राटदाराने त्यावर पेनाने काट मारली आणि वर दरही कमी करून मागितला.

ते बिल अजून अडलेले आहे. माझे पत्रे तिथेच उभे आहेत, कारण ते उतरवले की कंत्राटदाराला पुन्हा नोटीस येईल, आणि ते उतरवून न्यायचे तर माझ्या टेम्पोला गेट त्यानेच उघडून द्यायला हवे.