शनिवारवाडा ते मंडई, पायी

आज सकाळी मैत्रिणींसोबत पुण्यात हेरिटेज वॉक केला. सुरुवात अर्थात शनिवारवाड्यापासून. दिल्ली दरवाज्याचे ते लांब, अणकुचीदार खिळे हत्तीच्या धडकेला अडवायला ठोकलेले. खाली उभं राहून वर बघितलं की छातीत धस्सच होतं. आतला वाडा १८२८ च्या आगीत गेला, आता जोती आणि कारंजी तेवढी उरलीत.

विश्रामबागवाड्याचे कोरीव सुरूदार खांब बघून पुढे गेलो ते भिडेवाड्याकडे. सावित्रीबाई आणि जोतीरावांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू केली ती जागा. जुनी वास्तू २०२३ मध्ये पाडली, स्मारकासाठी. स्मारक हवंच, पण तो जिना, त्या भिंती जपता आल्या असत्या तर! फार वाईट वाटलं. मी शिकले, नोकरी करते, ते इथूनच सुरू झालं ना!

शेवट मंडईत. १८८६ ची दगडी इमारत, मधोमध अष्टकोनी मनोरा, खाली मेथीच्या जुड्या आणि वांग्यांचे ढीग. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीरावांनी या मंडईच्या खर्चाला विरोध केला होता. पैसा शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं. आज मंडईला त्यांचंच नाव आहे.

कसबा पेठ राहिलीय. पुढच्या रविवारी जातोय, कुणाला यायचं असेल तर कमेंटमध्ये सांगा.