चुना-निळीपासून गडद निळ्या भिंतीपर्यंत: आमची वाटचाल

नमस्कार मंडळी. सांगलीत अण्णांनी रंगकामाची कामं घ्यायला सुरुवात केली तेव्हा डिस्टेंपरसुद्धा चैन वाटायची. चुनकळी पिंपात विरवायची, गाळायची, त्यात सरस आणि कपड्याची नीळ, कुंचल्याने दोन हात मारले की दिवाळीचं काम झालं. ही नीळ चुन्याच्या खारानेही उडत नाही हे अण्णांना अनुभवाने पक्कं माहीत होतं.

मी धंद्यात आलो तेव्हा दुकानात टिंटिंग मशीन, म्हणजे हवी ती शेड मिसळून देणारं यंत्र, आलेलं, शेडकार्डावर वाटेल तो रंग, तरी गिऱ्हाईक ऑफव्हाइटवरच. गडद निळ्याची मागणी खरी वाढली ती 2020 नंतर. पँटोन या अमेरिकन रंग-कंपनीने त्या वर्षाचा रंग म्हणून क्लासिक ब्लू निवडला होता, त्यात लॉकडाऊन, लोक घरात बसून मोबाईलवर फोटो बघायचे आणि फोन यायचा, टीव्हीमागची भिंत नेव्ही ब्लू करायचीय, किती घेणार?

दर सांगायच्या आधी आम्ही भिंत बघायला जातो, आजही. कारण गडद शेड ज्या बेसमध्ये, म्हणजे शेड मिसळायच्या आधीच्या मूळ रंगात, बनते त्यात पांढरं पिगमेंट, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, अगदी कमी असतं, त्यामुळे खालचं झाकण्याची ताकद कमी आणि पांढऱ्या प्रायमरवर दोन हातांत रंग बसतच नाही. आम्ही प्रायमरच राखाडी करून घेतो. लांबी (पुट्टी) भरून घासून झाली की दिवे बंद करून बल्ब भिंतीला चिकटवून आडवा फिरवायचा, जिथे सावली पडेल तिथे पेन्सिलने गोल, परत लांबी, परत पॉलिश पेपर. क्रीम रंगात खपून जाणारा खड्डा निळ्यात लांबून दिसतो. आणि सगळे डबे एका ड्रममध्ये ओतून एकजीव करायचे, नाहीतर डब्याडब्यात किंचित फरक निघतो, भिंतीच्या मधोमध जोड दिसतो. टचअपही मधेच करायचा नाही, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंतच मारायची. पोरांना हे वेळखाऊ वाटतं, पण आमचं नाव यावरच झालंय.

2019 च्या महापुरानंतर नदीकडच्या बऱ्याच घरांत भिंतींना ओल राहिली. तिथे गडद निळ्याची ऑर्डर आली तरी आम्ही थांबायला सांगायचो, कारण ओल आत असेल तर खार बाहेर येतो आणि निळ्यावर ते पांढरे डाग पीठ सांडल्यासारखे उठून दिसतात. काही कामं दुसऱ्याकडे गेली, जाऊ देत, गिऱ्हाइकाचे पैसे वाया घालवणं आम्हाला जमत नाही.

एका घरी आजी म्हणाल्या, निळा नको बाबा, शनीचा रंग. मी म्हटलं आजी, तुमच्या देव्हाऱ्यातला घननीळ कुठल्या रंगाचा? आजी हसल्या आणि देव्हाऱ्यामागचीच भिंत निळी झाली. त्यावर पितळी समई आणि सागवानी चौरंग काय खुलतो म्हणून सांगू, सोनं फिकं पडेल!

तरी चारही भिंती निळ्या करा असं आम्ही सहसा सांगत नाही. खोलीला एकच लहान खिडकी असेल तर एक भिंत पुरे, छत पांढरं ठेवा, आणि दिवे 3000 केल्विनच्या आसपासचे पिवळसर लावा, पांढऱ्या ट्यूबखाली हाच रंग थंड आणि उदास दिसतो. जिथे लहान मुलं भिंतीला घासून पळतात त्या पॅसेजमध्ये मॅट फिनिश नको, घासलं की तिथे चमक येते, धुता येईल असं थोड्या चमकेचं फिनिश घ्या.

आता विश्रामबागेत आमचं छोटं ऑफिस आहे, साइट पोरं बघतात, मिसेस कोटेशन आणि हिशोब बघते. ऑफिसात एक भिंत गडद निळी करून ठेवलीय, शेडकार्डाच्या इंचभर चौकोनावर कोणी ऑर्डर देऊ नये म्हणून. बघायला या, पण दुपारी एकदा आणि दिवे लागल्यावर एकदा, दोन्ही वेळा बघून मगच शेड नंबर सांगा.