चकाकी कापणारा चष्मा

मासेमारीसाठी मी आजवर तीन गॉगल घेतले. पहिला फुकट गेला, दुसरा नाशिकजवळच्या दारणा नदीच्या तळाशी आहे, तिसरा सध्या नाकावर आहे. या तिघांत जेवढे पैसे घातले त्यात एक बऱ्यापैकी रीळ आलं असतं, असं घरातून ऐकवलं जातं. खरं आहे. पण रीळ चांगलं आणि डोळे दिपलेले, असा माणूस मी काठावर बसलेला पाहिलाय, कारण तो मीच होतो.

सातपूरला टूलरूममध्ये नोकरी. आठवडाभर शतांश मिलिमीटर मोजायचे आणि रविवारी पहाटे स्कूटर काढून चेहेडीच्या पुढे दारणेच्या काठी जाऊन बसायचं. तीन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमधली गोष्ट. सकाळी नऊ वाजले होते, ऊन समोरून. आमिषाला पेंडेचा गोळा लावून गळ टाकलेला आणि वर, मासा ओढू लागला की बुडणारी मोरपिसाची काडी तरंगत होती. तरंगत होती म्हणजे असावी. मला समोर नुसता वितळलेल्या शिशाचा पत्रा दिसत होता. डोळ्यांवर दोनशे रुपयांचा काळाकुट्ट गॉगल, शालिमारला रस्त्यावर घेतलेला. पाणीही काळं, काडीही काळी, आणि मधली चकाकी तेवढी ढणढणीत. पलीकडे एक म्हातारे काका कपाळावर आडवा हात धरून बसले होते. ते ओरडले, "अरे भाऊ, गेली ना तुझी काडी कधीची!" दोरा ओढला तर गळ चाटून पुसून साफ.

घरी येताना डोकं दुखत होतं. वाटलं, गॉगल अजून काळा हवा. इथेच चुकलो.

पाण्यावरची चकाकी म्हणजे नुसता जास्तीचा उजेड नव्हे. सूर्याकडून येणाऱ्या प्रकाशाच्या लाटा सगळ्या दिशांनी थरथरत असतात. पाण्यावर आपटून परत येताना त्यातल्या आडव्या थरथरणाऱ्या लाटाच मुख्यतः उरतात. पोलराइज्ड काचेत एक पातळ पापुद्रा असतो, तो आडव्या लाटा अडवतो आणि उभ्या सोडतो. त्यामुळे वरची झळाळी जाते आणि खालून येणारा उजेड आपल्यापर्यंत पोचतो. साधी काळी काच दोन्ही सारख्याच प्रमाणात कमी करते. खोलीत भांडण चाललंय म्हणून आपण कानात कापूस घालावा, तसं. भांडणही हळू ऐकू येतं आणि कामाचं बोलणंही.

हे परावर्तनाचं गुपित १८०८ मध्ये माल्यूस नावाच्या फ्रेंच माणसाला सापडलं. पॅरिसमधल्या एका राजवाड्याच्या खिडक्यांवर मावळतीचं ऊन पडलं होतं आणि तो ते एका स्फटिकातून बघत होता. पुढे १८१५ मध्ये ब्रूस्टर नावाच्या स्कॉटिश शास्त्रज्ञाने कोनाचा नियम मांडला. पाण्याच्या बाबतीत हा कोन उभ्या रेषेपासून सुमारे ५३ अंश. त्या कोनात बघितलं तर चकाकी जवळजवळ पूर्ण कापली जाते.

५३ अंश काठावर बसून कोण मोजणार? मी हिशेब असा लावतो. डोळे पाण्यापासून जेवढे उंच, त्याला १.३३ ने गुणा. तेवढ्या अंतरावरचं पाणी सगळ्यात स्वच्छ दिसतं. छोट्या स्टुलावर अगदी पाण्याशी बसलो तर डोळे चार फुटांवर, म्हणजे स्वच्छ पट्टा पाच-साडेपाच फुटांवर. दहा फुटी दरडीवर उभा राहिलो तर डोळे पंधरा फुटांवर, पट्टा गेला वीस फुटांवर. बसून तीस फूट लांबच्या पाण्याकडे बघून "चष्मा फसवा निघाला" म्हणणारे मला भेटलेत. लांबवर चकाकी कमी होते, नाहीशी होत नाही. चष्मा तोच, माणूस चार पायऱ्या वर चढला की मासा दिसायला लागतो. पण वर चढलं की आपणही माशाला दिसतो, तेव्हा भडक शर्ट नको आणि सावली पाण्यात पडू द्यायची नाही.

वेळेचंही तसंच. सूर्य साधारण ३७ अंश वर असेल आणि आपलं तोंड त्याच्याकडे असेल, तेव्हा हा चष्मा सगळ्यात जास्त काम करतो. एप्रिलमध्ये आपल्याकडे ही वेळ सकाळी नऊच्या आसपास येते आणि मग दुपारी सव्वाचारच्या पुढेमागे. मेच्या विसाव्या तारखेच्या आगेमागे नाशिकला भर दुपारी सूर्य इतका डोक्यावर येतो की खांबाची सावली त्याच्या बुडाशी गोळा होते. त्या वेळी पोलराइज्ड घाला नाहीतर काहीही घाला, खरं म्हणजे घरी जावं.

आणि गढूळ पाण्यात काही होत नाही. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर दारणा चहासारखी होते, तेव्हा हा चष्मा फक्त वरचा चहा नीट दाखवतो.

दुसरा गॉगल एका दुकानातून घेतला. चौदाशे रुपये. विक्रेत्याने जांभळ्या लेझरची पेन्सिल काढली, काचेवर मारली, मागे ठिपका पडला नाही. "बघा साहेब, पोलराइज्ड!" मी आपला मान डोलावली. नंतर कळलं की त्या लेझरचा पोलराइज्ड असण्याशी काही संबंध नाही, तो निळा उजेड अडवल्याचा खेळ. पोलराइज्ड ओळखायला लेझर लागतच नाही. दुकानाच्या काउंटरची काच, चकचकीत फरशी, नाहीतर बाहेर लावलेल्या गाडीचं बॉनेट, यावरची चकाकी काचेतून बघा आणि चष्मा हातात धरून पाव वळसा फिरवा. चकाकी जात-येत असेल तर माल खरा. साधी काच कशीही फिरवा, फरक शून्य. दोन चष्मे असतील तर एकावर एक धरून एक आडवा करा, मधला भाग काळा पडतो. माझा नशिबाने खरा निघाला, पण ते विक्रेत्याच्या पुण्याईने नव्हे. खात्री पटली ती चहाच्या टपरीवर. पैसे द्यायला मोबाइल काढला तर स्क्रीन काळी ठिक्कर. फोन बिघडला म्हणून दोनदा बंद-चालू केला. टपरीवाल्याने मला गॉगल काढायला सांगितलं.

पोलराइज्ड म्हणजे अतिनील किरण अडवणारा, असंही धरून चालू नका. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चष्म्याच्या काडीवर किंवा पाकिटावर यूव्ही ४०० लिहिलेलं असावं, म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण थांबतात. रस्त्यावरच्या काळ्या गॉगलची खरी भीती इथे आहे. काळोख्या काचेमागे डोळ्याची बाहुली मोठी होते, आणि काच अतिनील अडवत नसेल तर ते किरण उलट जास्त आत जातात. माझ्या मोठ्या चुलत्यांच्या डोळ्यात वडस वाढलं होतं, नाकाच्या बाजूने बुबुळाकडे सरकणारा लालसर पडदा. जन्मभर द्राक्षबागेत काम केलेले. डॉक्टरांनी ऊन, वारा आणि धूळ अशी तीन नावं घेतली. काठावर मला तिन्ही मिळतात, शिवाय पाण्यावरून उसळणारं ऊन वेगळं.

काळेपणाचे आकडे असतात. तीन नंबरच्या श्रेणीची काच ८ ते १८ टक्के उजेड आत सोडते, आपल्या उन्हाला तेवढं पुरतं. चार नंबरची ३ ते ८ टक्केच सोडते आणि ती लावून गाडी चालवायची नसते. रंगात मी तपकिरीच्या बाजूचा. राखाडीतून रंग जसेच्या तसे दिसतात, पण दारणेच्या हिरवट पाण्यात तळातले दगड आणि माशाची पाठ तपकिरीतून जास्त उठून दिसते. वरच्या आरशासारख्या निळ्या-लाल मुलाम्याचे पैसे मी देत नाही.

तर दुसरा गॉगल चांगला होता, फक्त सपाट होता. कानाच्या बाजूने ऊन आत शिरायचं आणि काचेच्या आतल्या अंगाला माझाच डोळा दिसायचा. फ्रेम कानशिलापर्यंत वळलेली किंवा निदान काड्या रुंद हव्यात, आणि डोक्यावर टोपी. टोपीची आतली बाजू गडद असली तर आणखी बरं. हे सगळं शिकेपर्यंत एक दिवस माशाला जाळीत घ्यायला वाकलो आणि गॉगल नाकावरून घसरून पाण्यात. तो बुडताना स्वच्छ दिसला नाही, कारण गॉगल डोळ्यांवर नव्हता. चाळीस रुपयांची दोरी लावली असती तर वाचला असता.

तिसऱ्याच्या वेळी वय आडवं आलं. लांबचा नंबर जुना होताच, आता चाळिशीही लागली. गळाला गाठ मारताना हात लांब, अजून लांब. म्हणून पोलराइज्ड काचेत बायफोकल करून घेतला. चष्मेवाल्याने फार वळणाची फ्रेम नको म्हणून सांगितलं, नंबर असला की तशा काचेत कडेचं वाकडं दिसू शकतं. ते ऐकलं ते बरं झालं. पण बायफोकलचं कोणी बोललं नाही. दरडीवरून उतरताना पायाकडे बघितलं, ते खालच्या वाचायच्या तुकड्यातून. पायरी धूसर आणि होती त्यापेक्षा भलतीकडेच. बसलो तो थेट चिखलात. आता काचेत फक्त लांबचा नंबर, आणि गाठीसाठी गळ्यात वेगळी चाळिशी लटकते. दोन चष्मे घालून वावरणारा हा इसम काठावर विनोदाचा विषय आहे. असो.

काच मात्र पॉलिकार्बोनेटची घ्या, हे मी पदराला खार लावून सांगतोय. मागच्या हिवाळ्यात गळ शेवाळात अडकला. मी हिसका दिला, दोरा सुटला आणि त्याला वजनासाठी बांधलेलं शिसं गोळीसारखं परत येऊन उजव्या काचेवर टण्‌कन आदळलं. काचेवर ज्वारीच्या दाण्याएवढा खड्डा आहे, डोळ्याला काही नाही. पॉलिकार्बोनेटवर ओरखडे पटकन पडतात, तेव्हा शर्टाने कोरडी पुसू नका. आधी पाण्याने धूळ सोडवा, मग कापड. आणि उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, पापुद्रा सुटायला लागतो. परतताना सूर्य कलला की मी गॉगल काढतो. दारणेकाठी ऊस आहे आणि उसात बिबटे आहेत, संधिप्रकाशात तपकिरी काचेतून बिबट्या ओळखायचा नाद मला नाही.

धरणांवर मासेमारीचे हक्क बहुधा सहकारी संस्थांकडे असतात, विचारल्याशिवाय गळ टाकू नये. नांदूर मध्यमेश्वर पक्ष्यांचं अभयारण्य आहे, आणि रामसर स्थळही, म्हणजे जगाने महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा. तिथे गॉगल जरूर न्या, गळ घरी ठेवा.

गेल्या जुलैत आत्येभावाच्या शेततळ्यावर होतो, दिंडोरीकडे. दोन सरींच्या मध्ये कडक ऊन पडलं. बांधावर उभा होतो, सोबत बहिणीचा मुलगा. सात-आठ फुटांवर पाण्यात तांबूस धुरळा हलताना दिसला. नीट बघितलं तर मरळ माशाची पिल्लं, केशराच्या काड्यांएवढी, शेकड्यांनी, गोळा करून फिरणारी. आणि त्यांच्या खाली हातभर लांब काळी पाठ, स्थिर. मरळ पिल्लं राखते, तेव्हा समोर काहीही टाकलं तरी त्यावर झडप घालते. मी काठी खाली ठेवली.

"मामा, कुठंय? मला तर नुसतं आभाळ दिसतंय."

गॉगल काढून त्याला दिला. त्याने दोन्ही हातांनी धरून बघितलं, डोळे बारीक केले.

"सगळं धूसर आहे मामा. तुझा नंबर किती रे?" मग थोडा वेळ गप्प. "थांब, थांब. लाल काहीतरी हलतंय."