हेडसर आणि ऑफ तास
आज हेडसरांनी स्वतः सातवीचा वर्ग घेतला, का तर मला ऑफ तास मिळून गणिताच्या मॅडमचा तास बघता यावा. (मुख्याध्यापकाच्या हातात खडू! दुर्मीळच.) पाचवीत मागच्या बाकावर बसलो. मॅडम डब्यातली भाकरी मोडून अपूर्णांक शिकवत होत्या. "आठ मोठे, म्हणून एक अष्टमांश मोठा" म्हणणारं पोरगं छोटा तुकडा हातात आल्यावर गप्प. मला हे सुचलं नसतं.

1924 साली कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्यातल्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत जेवायची. त्याच साताऱ्यात आम्ही मास्तर डबेसुद्धा विषयवार टेबलांवर उघडतो. सूचनावही फिरवून हे बदलत नाही, वेळापत्रक हलवावं लागतं. ते हेडसरांनी हलवलं.

उद्या मॅडम माझ्या तासाला बसणार. पोटात गोळा आलाय.