नंबर आपला, नेट तिथलं

मुलगी जर्मनीत फ्रायबुर्गला शिकायला गेल्यापासून ओळखीचं कोणी परदेशी निघालं की मला फोन येतो, "तिकडे मोबाईलचं काय करायचं गं?" व्हिसा, विमा, थर्मल, शेंगदाण्याची चटणी सगळं यादीत असतं. मोबाईल मात्र 'तिकडे गेल्यावर बघू' म्हणून राहून जातो. मग बिलाच्या धास्तीने माणसं आठ-आठ दिवस फोन बंद ठेवतात. मला याचं फार वाईट वाटतं. भाषा येत नाही, रस्ते ओळखीचे नाहीत, अशा गावात फोनचाच तर आधार. सत्तरी ओलांडलेल्यांना तर तो हवाच हवा.

मी सगळ्यांना एकच सांगते. फोनची दोन कामं वेगळी करा. नंबर आपला चालू ठेवा आणि नेट तिथलं घ्या.

नंबर लागतो ओटीपीसाठी. बँक, कार्ड, कुठलं तिकीट बदलणं, सगळं त्या सहा आकड्यांवर अडतं. त्यामुळे इंटरनॅशनल रोमिंग घरी असतानाच सुरू करून घ्यायचं आणि रिचार्जची मुदत परतीच्या तारखेपलीकडे आहे ना ते बघायचं. आमच्या सिमवर रोमिंगमध्ये येणाऱ्या एसएमएसला पैसे पडत नाहीत, पण आलेला कॉल उचलला तर पडतात. तुमच्या कंपनीचे दर एकदा वाचून घ्या. मी निघण्याआधी नातेवाइकांना, शेजाऱ्यांना आणि सोसायटीच्या वॉचमनलाही सांगून ठेवते, काही असलं तर व्हॉट्सॲपवरच करा. दुसरं सिम घातलं तरी व्हॉट्सॲप जुन्याच नंबरवर चालतं. नवा नंबर टाकायला जाऊ नका.

नेटसाठी ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच उतरवून घ्यायचं सिम, सगळ्यात सोपं. २०१८च्या आयफोन एक्सएस, एक्सआरपासून पुढच्या बहुतेक आयफोनमध्ये आणि बऱ्याच नव्या अँड्रॉइडमध्ये ते चालतं. घरच्या वायफायवर विकत घ्यायचं, क्यूआर कोड स्कॅन करायचा, झालं. मग सेटिंगमध्ये मोबाईल डेटासाठी नवं सिम निवडायचं आणि आपल्या भारतीय सिमचं डेटा रोमिंग बंद करायचं. आणखी एक बटण असतं, ते हटकून राहतं. एका सिमचं नेट गेलं की फोनने आपोआप दुसऱ्या सिमवर जावं, अशी सोय त्यात असते. तेही बंद करा.

सासूबाईंच्या फोनला ई-सिम चालत नाही, पण दोन सिमची जागा आहे. त्यांना तिथलंच प्रीपेड कार्ड घेतलं. जर्मनीत २०१७पासून ओळख पटवल्याशिवाय प्रीपेड सिम सुरू होत नाही, म्हणून दुकानात पासपोर्ट घेऊनच जायचं. सिमचा ट्रे उघडायची पिन घरूनच न्या. मी ती पासपोर्टच्या कव्हरच्या कप्प्यात ठेवते. सासूबाई रोज संध्याकाळी कराडच्या बहिणीशी बोलायच्या. उन्हाळ्यात तिकडे साडेपाच वाजले की कराडला नऊ, मावशींची झोपायची वेळ. त्याआधी अर्धा तास निवांत गप्पा. व्हिडिओपेक्षा नुसत्या आवाजाच्या कॉलला नेट फारच कमी लागतं.

आता युरोपातलं सगळ्यात महत्त्वाचं. १५ जून २०१७पासून युरोपियन युनियनमध्ये एका देशाचं सिम दुसऱ्या देशातही घरच्याच दराने चालतं. नॉर्वे आणि आइसलँडलाही हे लागू आहे. स्वस्त पॅकमध्ये बाहेरच्या देशासाठी डेटाची वेगळी मर्यादा असू शकते, तेवढी बघायची. पण स्वित्झर्लंड यात नाही! आपल्याकडची निम्मी माणसं युरोपला जातात ती तिथले डोंगर बघायला, म्हणून मी हे पुन्हा पुन्हा सांगते. फ्रायबुर्गहून स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला जाणारी गाडी तासाभराच्या आत सीमा ओलांडते. ना फाटक, ना पाटी. बाझेल बाडिशर बानहोफ हे स्टेशन जर्मन रेल्वेचं, पण उभं आहे स्विस जमिनीवर. फोनला मात्र लगेच स्विस नेटवर्क मिळतं. आम्ही गाडी सुटतानाच सगळ्यांच्या जर्मन सिमचं डेटा रोमिंग बंद केलं. गूगल मॅपवर बाझेलचा ऑफलाइन नकाशा आदल्या रात्रीच उतरवून ठेवला होता, दिवसभर त्यावर भागलं. तिथे जास्त दिवस राहणार असाल तर स्वित्झर्लंडचं नाव स्पष्ट लिहिलेलं ई-सिमच घ्या. नुसतं 'युरोप' लिहिलंय म्हणून विसंबू नका, देशांची यादी उघडून बघा. लंडनला जोडून जाणाऱ्यांनीही तेच करावं.

विमानात फ्लाइट मोड लावाच. काही विमानांत स्वतःचं मोबाईल नेटवर्क असतं. फोन त्याला जोडला गेला की त्याचे दर वेगळे, आणि ते साध्या रोमिंग पॅकमध्ये धरलेले असतीलच असं नाही.

आणि दुबईला निघालेल्यांनो, तिथे व्हॉट्सॲपवरून मेसेज आणि व्हॉइस नोट जातात, पण कॉल लागत नाही. घरच्यांना हे आधी सांगा, नाहीतर इकडे जीव टांगणीला लागतो. बोलायला गूगल मीट चालतं. ते आईबाबांच्या फोनवर निघण्याआधीच घालून, एकदा त्यांच्याकडून लावून घ्या.