सावानातली चिठ्ठी

नाशिकला दोनच दिवस होते. पहिल्या दिवशी काळाराम मंदिर आणि पांडवलेणी उरकली. संध्याकाळी रामकुंडावर गेलो, तर शांतपणे पाण्याकडे बघत उभं राहायलाही जागा नाही. ज्याच्या-त्याच्या हातात मोबाईल, आणि "जरा बाजूला व्हा"चा गजर. मी चिडून परतले. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी मिसळीला निघाली, तेव्हा स्पष्ट सांगितलं, "तुम्ही जा, मी वाचनालयात जाते."

सार्वजनिक वाचनालय, नाशिक. इथले लोक 'सावाना' म्हणतात. शालिमारवरून चालत टिळक पथावर पोचले. स्थापना 1840 सालची. मी पुण्याची, आमचं नगर वाचन मंदिर 1848चं, त्याचा मला लहानपणापासून अभिमान. नाशिक आठ वर्षं आधीचं निघालं! मुंबई-ठाणे रेल्वे धावायला तेव्हा तेरा वर्षं होती आणि मुंबई विद्यापीठ निघायला सतरा. त्याच 1840 साली मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांनी शास्त्रीय विषय मराठीत आणणारं 'दिग्दर्शन' मासिक सुरू केलं होतं.

सुरुवातीचं नाव 'नेटिव्ह लायब्ररी'. 'नेटिव्ह' हा शब्द मला आजही बोचतो. राज्यकर्त्यांनी आपल्याला दिलेलं ते नाव. पुढे त्या जागी 'सार्वजनिक' आलं, आणि या संस्थेचा निम्मा इतिहास मला त्या एका बदलात दिसतो. कुसुमाग्रजांनी इथलं अध्यक्षपद सांभाळलं. वाचनालयाचंच परशुराम सायखेडकर नाट्यगृह आहे, वस्तुसंग्रहालयही आहे.

पण 'सार्वजनिक' म्हणजे काय, ते मला देवघेवीच्या खिडकीपाशी कळलं.

खाकी शर्टातला एक रिक्षावाला पुस्तक बदलायला आला होता. खिशातून त्याने वहीच्या कागदाची चिठ्ठी काढली. घडी घालून घालून ती मधोमध फाटायला आलेली. वर पुस्तकांची नावं, वाचून झालेल्यांपुढे बरोबरची खूण. अक्षर बाईचं, टपोरं. त्याने कपाटातून आणलेलं एक पुस्तक खिडकीतल्या ताईंनी उलटसुलट पाहिलं आणि म्हणाल्या, "हे नका नेऊ दादा. शेवट फार वाईट आहे, मागच्या वेळी घरी वहिनी दोन दिवस जेवल्या नाहीत म्हणाला होतात ना!" तो हसला, परत कपाटाकडे गेला आणि आकाशातल्या ताऱ्यांवरचं एक पुस्तक घेऊन आला. "हे चालंल? पोराला पण वाचून दाखवती ती."

मला भरून आलं. ते ताऱ्यांवरचं पुस्तक बघून आठवलं, 2021च्या डिसेंबरात नाशिकला 94वं साहित्य संमेलन झालं, तेव्हा अध्यक्ष होते जयंत नारळीकर. साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी खगोलशास्त्रज्ञ! प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत, याची तेव्हा मला फार हळहळ वाटली होती. यजमान होतं लोकहितवादी मंडळ, इथलीच 1950 सालची संस्था. ज्या गावात संस्था अशा पिढ्यान्‌पिढ्या टिकतात, तिथे खाकी शर्टाच्या खिशात अशी चिठ्ठी असते. आमच्या पुण्यातल्या सोसायटीत तीनशे घरं आहेत. पुस्तक बदलायला जाणारं एकही मला ठाऊक नाही, आणि माझं स्वतःचं सभासदत्व कधीच संपलंय. याची तिथे उभ्या-उभ्या लाज वाटली.

तासाभराने बाहेर पडले, तर तो फाटकाशीच रिक्षा पुसत होता. पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून सीटखाली ठेवलेलं.

"कुठं सोडू, ताई?"

वाटेत विचारलं, तुमची बायको स्वतः का येत नाही? "पोळ्या लाटायला जाती सकाळची. घरी येईस्तोवर हे बंद." सिग्नलला थांबल्यावर त्याने सीटखाली हात घालून पिशवी जागेवर आहे ना ते चाचपलं. "आज रात्री निम्मं करील बघा," म्हणाला.

भाडं साठ रुपये झालं.