सगळं हिरवं, बॅकअप मात्र गायब

नेटवर्क मॅनेजमेंट सॉफ्टवेअरचं अपग्रेड यशस्वी झाल्याचा मेल सगळ्यांना गेला होता. पोलिंग (उपकरणांची ठरावीक वेळाने विचारपूस) सुरू, ट्रॅप (उपकरणांनी स्वतःहून पाठवलेले इशारे) येतायत, डॅशबोर्डवर नोड, म्हणजे देखरेखीखालची उपकरणं, हिरवे. काही आठवड्यांनी एक डिस्ट्रिब्यूशन स्विच, म्हणजे टोकाच्या अ‍ॅक्सेस स्विचांना मुख्य नेटवर्कशी जोडणारा, मेला. बदली स्विच रॅकमध्ये चढला आणि जुन्याचं कॉन्फिग (सेटिंग्जची फाइल) काढायला गेलो, तर मेनूत बॅकअपचा पर्यायच नाही.

रिलीज नोट्समध्ये, दुरुस्त केलेल्या बगांच्या लांबलचक यादीखाली, एक वाक्य होतं: कॉन्फिग व्यवस्थापन आणि फ्लो विश्लेषण (कोणाची किती वाहतूक कुठे जाते याचा हिशेब) आता स्वतंत्र प्रॉडक्टमध्ये. म्हणजे वेगळा इन्स्टॉलर, वेगळा डेटाबेस, वेगळं लायसन्स. अपग्रेडच्या विझार्डने याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. रात्रीचा बॅकअप जॉब फेल झाला असता तर अलार्म वाजला असता. इथे जॉबच उरला नव्हता, आणि जो जॉब नाही तो फेल कसा होणार? अपग्रेडनंतरची तपासणी नव्या मेनूवरून केली होती, जुन्या कामांच्या यादीवरून नाही. ती यादी कुणाकडेच नव्हती.

सुदैवाने अपग्रेडच्या आधीचा व्हर्च्युअल मशीनचा क्लोन शिल्लक होता. तो चालू करण्याआधी त्याचं नेटवर्क कार्ड काढायचं. नाहीतर एकाच आयपीची दोन मशीन भांडत बसतात, आणि जुना सर्व्हर जागा होताच मधल्या काळातल्या प्रत्येक बदलाबद्दल अलार्म पाठवू लागतो. डेटाबेसमधून थेट फायली उचलायचा मोह होतो, पण कॉन्फिग तिथे एन्क्रिप्ट करून ठेवलेले, आणि किल्ली जुन्या इन्स्टॉलेशन फोल्डरमध्ये. म्हणून क्लोनच्या कन्सोलवरूनच एक्स्पोर्ट, तेही जादा व्हर्च्युअल डिस्कवर.

मिळालेलं कॉन्फिग अपग्रेडच्या आदल्या रात्रीचं. त्यानंतर वाढवलेले व्हीलॅन (एकाच स्विचवरची वेगवेगळी आभासी नेटवर्क) शेजारच्या स्विचांकडून जमवले. जोडीतल्या दुसऱ्या स्विचवर एचएसआरपीचे (दोन स्विचांनी मिळून एकच गेटवे पत्ता सांभाळायची पद्धत) तेच गट असतात, फरक फक्त स्वतःच्या आयपीचा आणि प्रायॉरिटीचा. अ‍ॅक्सेस स्विचच्या अपलिंकवर ट्रंकमध्ये (अनेक व्हीलॅन नेणारी एकच जोडणी) कोणते व्हीलॅन सोडलेत ते दिसतं. कोणती केबल कुठल्या पोर्टवर, हे एलएलडीपी (शेजारची उपकरणं एकमेकांना ओळख सांगतात तो प्रोटोकॉल) सांगतं, पण केबल लागल्यावरच.

कॉन्फिग चढवलं, ट्रॅफिक सुरू झालं, आणि स्विच डॅशबोर्डवर लालच राहिला. सिस्कोच्या आयओएसवाल्या स्विचांवर हे हमखास होतं, आणि दर वेळी कुणीतरी फायरवॉलला शिव्या घालतं. एसएनएमपी व्ही३ (देखरेखीच्या प्रोटोकॉलची तिसरी आवृत्ती) चे युजर रनिंग कॉन्फिगमध्ये दिसतच नाहीत, त्यामुळे बॅकअपमध्येही येत नाहीत. शिवाय त्यांच्या किल्ल्या इंजिन आयडीला (त्या उपकरणाच्या एसएनएमपी ओळखीला) बांधलेल्या, आणि तो साधारणपणे मॅक पत्त्यावरून, म्हणजे हार्डवेअरच्या पत्त्यावरून, बनतो. हार्डवेअर बदललं की युजर नव्याने बनवायचे. एसएसएचच्या (दुरून सुरक्षित लॉगिन) आरएसए किल्लीचंही तेच, आणि ती बदलली की जुनी किल्ली ओळखणारा प्रत्येक स्क्रिप्ट दारातच अडतो.

मग नवं कॉन्फिग प्रॉडक्ट चाचणीसाठी बसवलं. उपकरणांवरच्या एसीएलमध्ये (कुणाला आत घ्यायचं याची यादी) जुन्या सर्व्हरचाच आयपी, त्यामुळे नव्याच्या एसएनएमपी विनंत्यांना नकारसुद्धा येईना, नुसता टाइमआउट. सगळ्या स्विचवर एसीएलमध्ये एक ओळ वाढवायची, तर एकगठ्ठा बदल करणारं साधन नव्या प्रॉडक्टमध्ये, आणि त्या प्रॉडक्टला स्विच आत घेईनात! शेवटी साधा एसएसएच स्क्रिप्ट मूळ सर्व्हरवरून चालवला.

खरा वेळ सिसलॉगने, म्हणजे उपकरणांकडून येणाऱ्या नोंदींच्या संदेशांनी, खाल्ला. कुणी कॉन्फिगला हात लावला की स्विच 'कॉन्फिगर्ड फ्रॉम कन्सोल' असा संदेश पाठवतो, आणि तो दिसताच ताजा बॅकअप घेतला जातो. ही सोय आमच्या जुन्या व्यवस्थेचा कणा होती. आता दोन्ही प्रॉडक्ट एकाच सर्व्हरवर टाकली, तर दोघांनाही सिसलॉगचं पोर्ट, यूडीपी ५१४, हवं. जो आधी उठेल त्याला पोर्ट मिळतं, दुसऱ्याची सर्व्हिस 'अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज' म्हणत बसते, आणि रीबूटनंतर पाळी उलटू शकते. वेगळ्या सर्व्हरवर टाकून पहिल्याकडून संदेश पुढे ढकलले, तर पाकिटावर मूळ स्विचऐवजी ढकलणाऱ्याचा आयपी येतो, आणि नवं प्रॉडक्ट त्याच सर्व्हरचा बॅकअप घ्यायला धावतं. उपाय म्हणजे मूळ आयपी जपून यूडीपीच्या प्रती वाटणारं सॅम्प्लिकेटर. ते मध्ये बसवलं, पण रिव्हर्स पाथची तपासणी (पाकिटावरचा मूळ पत्ता त्याच वाटेवरचा आहे का हे बघणं) असलेल्या लिंकवर अशी पाकिटं फेकून दिली जातात, म्हणून ते कलेक्टरच्याच (नोंदी गोळा करणाऱ्या सर्व्हरच्याच) सबनेटमध्ये हवं.

फ्लोचं दुखणं वेगळं. जुन्या राउटरवर पारंपरिक नेटफ्लो (वाहतुकीच्या नोंदी) दोनच ठिकाणी पाठवता येतो. एक जागा सिक्युरिटी टीमची, दुसरी जुन्या कलेक्टरची. आयपी तोच ठेवून तिथे नवा कलेक्टर आणला, तेव्हा राउटरला हात न लावता जमलं.

वेंडरचं म्हणणं, आधीच्या लायसन्समध्ये ही फीचर 'सोबत' होती, विकलेली नव्हती. हिशेबाचं मापही बदललंय: पूर्वी नोडवर, आता फ्लोसाठी इंटरफेसवर, आणि ४८ पोर्टच्या स्विचवर व्हीलॅन इंटरफेस मोजले की आकडा कुठल्या कुठे जातो. खरेदी विभाग विचारतो, अपग्रेडच्या मंजुरीतच हे का नव्हतं. प्रश्न रास्त आहे. तूर्त ऑक्सिडाइज्ड हे बॅकअपचं साधन रोज रात्री कॉन्फिग गिटमध्ये (जुन्या आवृत्त्या जपणारी साठवण) टाकतं, आणि शेवटची फाइल २४ तासांपेक्षा जुनी दिसली की अलार्म वाजवणारी एक तपासणी मूळ सर्व्हरवर लावली आहे. ती पुढच्या अपग्रेडमध्ये टिकते का, हे तेव्हा हाताने बघावं लागेल.